अर्धा पुढं, पाव मागं

हातोडी कुठाय असं विचारलं की उस्ताद म्हणायचे, "घरी हाय, बायकूकडं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. नंतर कळलं की ते खरंच होतं. आमच्या सहकारी दूध संघाचं चिलिंग केंद्र म्हणजे पाटोद्याच्या अलीकडं माळावरची पत्र्याची एक शेड. गावोगावचं दूध तिथं येऊन थंड व्हायचं आणि टँकरनं पुढं जायचं. उस्ताद तिथले मेकॅनिक. शेडमध्ये दुरुस्तीचं सगळं सामान होतं, एक हातोडी सोडून. ती उस्तादांच्या घरी पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली काकूंच्या कमरेला. हातोडी पाहिजे असली की सायकल काढायची, अर्ध्या कोसावरच्या वस्तीवर जायचं, काकूंना कारण सांगायचं. त्यांना पटलं तर त्या द्यायच्या.

"तिथवर जाईस्तोर माणसाचा राग जातो," उस्ताद सांगायचे. "राग गेला की हातोडी लागतच न्हाई. न्हाई, लागतच न्हाई असं न्हाई म्हणत मी. कमी लागती."

हे असं बोलणं. आधी एक वाक्य पुढं टाकायचं, मग त्यातलं थोडं मागं घ्यायचं. सोळा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली आणि सोळा वर्षं माझ्या डोक्याचा भुगा झाला. हो म्हणाले की नाही म्हणाले, काही पत्ताच लागायचा नाही. दुष्काळात तर कहर. पाण्याचा टँकर आला का म्हणून बाया विचारायच्या. उस्ताद म्हणायचे, "आला." बाया हंडे उचलून निघायच्या. मागून आवाज यायचा, "न्हाई, आला असं न्हाई. वेशीपस्तोर आला." हंडे खाली. "न्हाई, वेशीपस्तोर म्हणजे, फाट्यावर दिसला म्हणत होते." एकदा एका म्हातारीनं रिकामा हंडा त्यांच्या पायापुढं आदळला होता.

संघाच्या वार्षिक सभेत एका ठरावाला त्यांनी हात वर केला आणि मोजणारा त्यांच्यापर्यंत येईस्तोवर कोपरातून खाली घेतला. मोजणाऱ्यानं विचारलं, उस्ताद, हो का नाही? उस्ताद म्हणाले, "हो. पर सगळा न्हाई." त्या माणसानं काय लिहिलं देव जाणे.

ही सवय त्यांना कामातून लागली असणार. टॅप म्हणजे भोकाच्या आत आटे पाडायचं हत्यार. कडक पोलादाचं असतं, आणि कडक म्हणूनच ठिसूळ. ते सरळ फिरवत गेलं तर निघालेला चुरा आत दाटतो, टॅप अडकतो आणि कटकन मोडतो. म्हणून अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. मागं घेतलं की चुरा तुटतो, वाट मोकळी होते. उस्तादांनी चाळीस वर्षं हेच केलं आणि जिभेलाही तेच वळण पडलं, असा माझा आपला अंदाज. खरं काय ते त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण त्यांनी हो म्हणून पुन्हा नाही म्हटलं असतं.

आणखी एक उलटी खोड. माणसाला, अगदी शाळेतल्या पोरालाही, ते "तुमी" म्हणायचे आणि मशिनला "बे". कॉम्प्रेसर खडखडायला लागला की त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचे, "कावून वरडायला बे?" आणि मला, "तुमी जरा बाजूला सरकता का?" नवीन माणूस गोंधळून जायचा. मी जुना होऊनही गोंधळायचो.

मोडलेला टॅप किंवा भोकात अडकलेलं डिरील काढण्यात मात्र त्यांचा हात धरणारा आसपासच्या तालुक्यांत कुणी नव्हता. गेवराईहून, पार उमापूरहून लोक इंजिनाचे भाग पोत्यात बांधून आणायचे. उस्ताद पोतं उघडायच्या आधी समोर बसवायचे आणि विचारायचे, "कसा मोडला?" आणणारा सांगायला लागायचा, उस्ताद, आमच्या पुतण्यानं... उस्ताद हात वर करायचे. "कोणी ते नको. कसा ते सांगा." किती फेरे गेला होता, तेल होतं का, मागं घेतला का, मोडताना आवाज कसा आला. सगळं ऐकल्याशिवाय कामाला हात लावायचे नाहीत. मोकळा असताना मोडलेला टॅप वेगळा निघतो आणि दाटून मोडलेला वेगळा, असं त्यांचं म्हणणं. काढून झाला की तो तुकडा पुसायचे आणि ज्यानं मोडला त्याच्या तळहातावर ठेवायचे. "घ्या. तुमचा हाय." कोणी मोडला हे न विचारता त्यांना ते कसं कळायचं, कोण जाणे, पण तुकडा बरोबर हातात पडायचा. मालकाबरोबर आलेला तो पुतण्याच लाजून हात पुढं करायचा.

आता माझ्या टॅपचं सांगतो. आजवर सगळं असं कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली न झाली तोच विहिरी तळाला गेल्या. दूध इतकं आटलं की संध्याकाळचं संकलन बंद झालं, फक्त सकाळचं यायचं. गावंच्या गावं कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेली. मी तिशीला आलेलो, दोन लेकरांचा बाप, केंद्रावर रोजंदारी ऑपरेटर. माझ्यासारखे आणखी दोघे होते आणि तिघांतल्या एकाला कायम करायचं असं संघात चाललं होतं. कायम झालो तर लेकरं शाळेत. नाही झालो तर थोरल्या भावामागं मीही बायको-लेकरं ट्रॉलीत घालून सहा महिने फडावर. याच्या मधे तिसरी वाट नव्हती.

थंड पाणी खेळवणारा जो पंप होता त्याच्या एका भोकाचे आटे गेले होते. पंप गळायचा, पण चालायचा. उस्ताद म्हणाले होते, "उद्या मी बघतो. तवर कोणी हात लावू नका." मला वाटलं, आपण आजच करून टाकावं. चेअरमनला कळेल, पोराला काम येतं. अक्कल बघा माझी. दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं. मोठ्या मापाचं डिरील सापडेना, म्हणून बारीक मारलं. टॅप फिरवायचं हँडल सापडेना, म्हणून पाइप पाना लावला. त्यावरून उस्ताद मला आधी दोनदा बोलले होते, कारण पाइप पान्याचे दात टॅपच्या डोक्यावर उमटतात आणि असला पाना टॅपला लावणारा केंद्रात मी एकटाच. तेल घातलं नाही. आणि मागं घेतलाच नाही, कारण चार वाजता भावाची ट्रॉली निघायची होती आणि वहिनीच्या हातात भाकरीचं गाठोडं द्यायचं होतं. मी नुसता पुढं पुढं रेटत राहिलो. सातव्या का आठव्या फेऱ्याला कट्. खालचा अर्धा भोकात, वरचा पान्यात.

वरच्या तुकड्यावर पान्याचे दात स्पष्ट दिसत होते. उस्तादांच्या नजरेला पडला तर संपलं. मी मागच्या विहिरीवर गेलो आणि तुकडा आत टाकला. जन्मभर असंच केलेलं. लहानपणी फुटलेली दौत विहिरीत, मोडलेली पट्टी विहिरीत. विहिरीत गेलं ते गेलं. डुबुक व्हायची वाट बघत उभा राहिलो आणि खालून टण् असा आवाज आला. विहिरीत पाणी नव्हतं. वाकून बघितलं तर तळाशी कातळ, कोपऱ्यात वाटीभर झिरा, आणि आत उतरायला वेळ नव्हता. भोकावर चार थेंब तेल सोडलं, तेलात मोडल्यासारखं दिसावं म्हणून, आणि सायकल हाणली. ट्रॉली गेलेली होती.

सकाळी दुधाचे कॅन येऊन लागले आणि पंपाचं उघड झालं. तिघा ऑपरेटरांकडं शेडच्या किल्ल्या, तिघंही म्हणतात आपण नाही. चेअरमनसाहेब जीप घेऊन आले. आधीच संघाला हे केंद्र जड झालं होतं. ते शेडच्या दारात उभं राहून म्हणाले, "परवा सकाळपर्यंत पंप सुरू झाला नाही, तर इथलं दूध दुसऱ्या केंद्राला जोडतो आणि शेडला कुलूप. आणि ज्यानं मोडला तो आजपासून घरी. उस्ताद, कोणी मोडला?"

"माझ्या शेडमध्ये मोडला सायेब."

"म्हणजे तुम्ही मोडला?"

"मीच म्हणा. न्हाई, मी मोडला असं न्हाई. पर शेड माझी हाय. न्हाई, माझी म्हणजे संघाची."

चेअरमननी कपाळाला हात लावला. दहा मिनिटं प्रयत्न केला, नाव काही निघेना. शेवटी ते जीपमध्ये बसले आणि जाताना ड्रायव्हरला विचारताना मी ऐकलं, "हा काय म्हणाला रे?"

सकाळचं दूध थंड करायला मार्ग नव्हता, म्हणून आसपासच्या खवा करणाऱ्यांना बोलावलं. त्यांनी शेडपुढं भट्ट्या मांडल्या, कढया चढवल्या. धूर, दुधाचा वास, आरडाओरडा. आणि उस्ताद? उस्ताद लिंबाखाली मांडी घालून चहा पीत बसलेले. पंप समोर पोत्यावर. हात लावेनात.

"उस्ताद, वेळ जातोय," मी म्हणालो.

"कसा मोडला ते कळल्याबिगर काय करू?"

"कसाही मोडला असंल. काढा की."

"कसाही मोडलेला टॅप काढायला मला येत न्हाई. न्हाई, येत न्हाई असं न्हाई. काढू नये."

तास गेला. दोन तास गेले. परवा सकाळ माझ्या डोळ्यांपुढं नाचत होती आणि हा माणूस बशीत चहा ओतून फुंकर घालतोय. मला त्यांचा असा राग आला की हातोडी जवळ असती तर काय केलं असतं सांगता येत नाही. शेवटी न राहवून मी खाली बसलो आणि म्हणालो, "उस्ताद, मला आपलं वाटतं, मागं घेताना मोडला असंल. तेलबी दिसतंय. मोकळाच असंल आत."

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. तेलाला बोट लावलं, वास घेतला. "तुमी म्हणता तसं. न्हाई, तसंच असंल असं न्हाई. पर तसं धरू."

आणि त्यांनी ते चार पायांचं हत्यार काढलं. ते त्यांनी स्वतः घडवलेलं. टॅपला ज्या चार खाचा असतात त्यांत चार बारीक पाय उतरवायचे आणि हळूच उलटं फिरवायचं, की मोकळा तुकडा पाठीमागं चालत येतो. दोन पावसाळे कानशीनं घासून त्यांनी त्याचे पाय केले होते, कुणाला हात लावू देत नसत. मोकळ्या टॅपला ते बरोबर. दाटून बसलेल्याला लावलं तर पाय टिकणारच नाहीत, हे मलाही माहीत होतं. मी गप्प बसलो. उस्तादांनी फिरवलं, पुन्हा थोडं फिरवलं. टिक् असा आवाज आला. एक पाय गेला. पाठोपाठ दुसरा.

त्यांनी मोडके पाय चिमट्यानं वेचून बाहेर काढले, हत्यार फडक्यात गुंडाळलं आणि उठून खवेवाल्यांना म्हणाले, "घरी ज्याच्या ज्याच्या तुरटी आसंल ती आणा. आन एक भट्टी मला द्या."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तुरटी त्या वर्षी घरोघर होती, टँकरचं गढूळ पाणी त्याशिवाय निवळायचं नाही. ढेकळं गोळा झाली. एकजण आपली लोखंडी कढई घेऊन आला तर उस्तादांनी त्याला परत पाठवलं. "तुरटी लोखंड खाती. कढईच खाऊन टाकील." मग स्वतः घरी जाऊन पितळेचं घंगाळ घेऊन आले. आंघोळीचं घंगाळ. "तसंबी रिकामंच हाय," म्हणाले. घंगाळात गढूळ पाणी, त्यात तुरटी, त्यात आमच्या पंपाचं धड. पंप गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या जातीचा. तुरटीच्या उकळत्या पाण्यात त्याला काही होत नाही, आतलं पोलाद तेवढं विरघळत जातं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा समजेना की हे चाललंय काय. शेजारच्या भट्टीवर खवा आटतोय आणि या भट्टीवर पंप शिजतोय. बाया येऊन डोकावून जायच्या. एकीनं विचारलं, "उस्ताद, मीठ घातलं का?"

उन्हं कलली. खवेवाले पांगले. भट्टीजवळ मी आणि उस्ताद, मी काटक्या सारतोय, ते पाणी आटेल तसं घालतायत. त्यांच्या खिशातलं ते फडकं मला सारखं दिसत होतं. माझ्यानं राहवेना.

"उस्ताद, तो टॅप मी मोडला."

"कोणी ते मी इचारलंच न्हाई," ते घंगाळात बघत म्हणाले. "कसा?"

मग मी सांगितलं. बारीक डिरील, पाइप पाना, तेल नाही, नंतर घातलेलं तेल, भावाची ट्रॉली. त्यांनी शेवटी एवढंच विचारलं, "म्हंजे मागं घेतलाच न्हाई?"

"न्हाई."

"पाव बी न्हाई?"

"न्हाई उस्ताद."

त्यांनी तुरटीचं आणखी एक ढेकूळ आत सोडलं. "मग हेच बरोबर हाय," ते म्हणाले.

विहिरीत टाकलेल्या तुकड्याचं मात्र मी सांगितलं नाही. का, ते विचारू नका. सगळं सांगितलं आणि तेवढं राहिलं. लाज वाटली असेल, किंवा एवढं तरी आपल्याकडं राहू द्यावं असं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुन्हा जाळ केला. दुपारी उस्तादांनी पंप बाहेर काढला, भोकात गोणी शिवायचा दाभण घातला आणि हलवला. काळा गाळ बाहेर आला. टॅप म्हणून काही उरलंच नव्हतं, आणि पंपाला ओरखडासुद्धा नाही. त्यांनी योग्य मापाचं भोक पाडून आटे पाडले. अर्धा पुढं, पाव मागं, माझ्यासमोर, एकही फेरा न चुकता. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आलं आणि गार झालं. शेडला कुलूप लागलं नाही. चेअरमननी पुन्हा दोनदा विचारलं, कोणी मोडला. उस्तादांनी त्यांना दोनदा तसंच घोळात घेतलं. पुढच्या वर्षी मी कायम झालो.

त्या दिवशी दाभण पुसताना ते मला म्हणाले होते, "ह्या खेपंला तुमच्या हातावर ठिवायला कायच न्हाई." मी म्हणालो, राहू द्या. आणि मला मनापासून बरं वाटलं होतं.

ते फडक्यातलं हत्यार त्यांनी पुन्हा घडवलं नाही. डोळे साथ देत नव्हते. मी एकदा म्हणालो, मी घासून देतो पाय. म्हणाले, "द्या." मग म्हणाले, "न्हाई, ऱ्हाऊ द्या." मी त्यातलं कोणतं धरायचं याचा विचार करत बसलो आणि ते राहूनच गेलं. माझं सगळं असंच.

उस्ताद गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवस झाल्यावर मी काकूंना भेटायला वस्तीवर गेलो. काकूंनी पेटी उघडली. हातोडी तशीच होती, नव्यासारखी. तिच्याखालून त्यांनी एक छोटा डबा काढला, त्यातून एक तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"घ्या. तुमचा हाय म्हणले होते."

टॅपचं डोकं. त्यावर पाइप पान्याचे दात.

"काकू, हा कुठं घावला?"

"मलाच घावला. शेडमागच्या विहिरीत झिऱ्यावर पाणी भराया उतरले होते, वाटीत आला. घरी येऊन ह्यांच्या हातात दिला, म्हणलं तुमच्यातलं काहीतरी दिसतंय."

"कधी?"

"पंप मोडला न्हाई का, खवा केला, त्या दिवशी. सकाळी, हे कामावर निघायच्या आधी."

म्हणजे लिंबाखाली बसले होते तेव्हा तुकडा त्यांच्या खिशात होता. कोणी मोडला आणि कसा मोडला, दोन्ही माहीत. टॅप आत दाटून बसलाय हे माहीत. तरी दोन तास चहा पीत बसले, तरी माझं खोटं ऐकलं, आणि दोन पावसाळे घासलेल्या त्या हत्याराचे पाय माझ्या शब्दाखातर मोडू दिले. मी म्हणालो, "मग ते माझ्यावर ओरडले का नाहीत? तिथंच तुकडा काढून का नाही दाखवला?"

काकूंनी पेटीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

"मीबी तेच म्हणलं. तुमचं काम हे ह्यांनी बघताच वळखलं होतं. चेअरमनला दावा म्हणलं. तर तुकडा उजेडात धरून बघितला, खिशात घातला आन म्हणले, 'सांगंल तो.'" काकूंनी दाराकडं बोट केलं. "आता न्हाई म्हणतील म्हणून मी दारात उभी ऱ्हायले. लई वेळ ऱ्हायले. न्हाई म्हणले न्हाईत. सायकल काढली आन गेले."